पाल गंभीर, तुरंत आइए

शालिकराम गजभिये पहिल्यांदा आमच्या घरी आला तेव्हा त्याने दारात सायकल लावायच्या आतच घरात तिघांचं निधन झालं. म्हणजे तसं आमच्या आईने जाहीर केलं. मी मुलताईहून पांढुर्ण्याच्या शाळेत मराठीचा मास्तर म्हणून बदलून आलो होतो. सामान अजून पोत्यांत होतं. खाकी सदरा, चामड्याची पिशवी आणि हातात बंद लिफाफा असा माणूस फाटकात दिसला, आणि आईने भाजीची परात खाली टाकून थेट हंबरडा फोडला. आधी ती वरूडच्या तिच्या थोरल्या भावासाठी रडली. मग वयाचा विचार करून मावशीसाठी. मग, रडणं चालूच आहे तर राहायला नको म्हणून, दूरच्या एका काकांसाठी. माझी बायको जयश्री तिचं पाहून रडली, शेजारची बायामाणसं जयश्रीचं पाहून रडली, आणि समोरच्या रामाजींनी, जे आम्हाला जेमतेम दोन दिवसांपासून ओळखत होते, बांबू आणायला माणूस धाडला.

या सगळ्या वेळात तारवाला शालिकराम एका हातात लिफाफा, दुसऱ्या हातात पावती आणि कानावर जांभळी पेन्सिल अशा थाटात पायरीवर उभा होता. पाऊण तास. त्याच्या चेहऱ्यावर ना दुःख होतं, ना घाई. बैलगाडी फाटकावर आगगाडी जायची वाट पाहते, तसा तो उभा होता. हुंदक्यांत जरा फट सापडली तेव्हा म्हणाला, "गुरुजी, सही द्या न. मग फोडा."

मी सही केली, तार फोडली. भाच्याची होती. रवींद्र फर्स्ट क्लासमध्ये पास झाला होता.

आई त्या भाच्यावर पुढे दोन वर्षं रागावून होती. रामाजींचे बांबू आम्ही वाल चढवायला वापरले.

शालिकरामच्या त्या पेन्सिलीबद्दल सांगायला हवं. ती ओली झाली की अक्षर जांभळं होऊन पसरायचं. पांढुर्ण्यात तार म्हणजे मौतच, अशी लोकांची पक्की समजूत होती, त्यामुळे सही करतानाच पावतीवर टिपं पडत. सव्वीस वर्षं शालिकराम रोज संध्याकाळी तारघरात जांभळे डाग पडलेल्या पावत्या जमा करत आला होता. त्याच्या उजव्या हाताची तीन बोटंसुद्धा कायमची जांभळी होती.

गावात त्याला कोणी वाईट म्हणत नसे. पण बोलवतही नसे. लग्नाच्या मांडवाजवळून तो सायकलवरून गेला तरी वरमाय छातीवर हात ठेवायची. चहाच्या टपरीवर तो थांबला की बाकावरची माणसं उगाच आठवल्यासारखं करून उठायची. "तुमाले दोष नाही देत शालिकभाऊ," टपरीवाला एकदा त्याला म्हणाला, "पर तुमी आले की चाय कडू लागते." मग शालिकरामने चहा सोडला. कंटाळा आला होता म्हणे त्याला. चहाचा नव्हे, माणसं उठताना पाहण्याचा.

त्यात खात्याचा नियम. तारेतला मजकूर गुप्त. निम्म्या लोकांना वाचता येत नसे, त्यामुळे तार वाचून दाखवायचा शालिकरामच. म्हणजे अख्ख्या तालुक्यातली मरणं, फारकती आणि बुडालेल्या नोकऱ्या त्याला पाठ. पण सांगायचं कोणाला नाही. नोकरीला लागताना शपथ घेतली होती आणि ती त्याने बायकोच्या बाबतीतही पाळली.

त्याची बायको प्रमिलाबाई संत्र्याच्या बगीच्यात मजुरीला जायची. बोलायला खणखणीत. ती मला म्हणाली, "गुरुजी, माह्या सख्ख्या मामाच्या मौतीची तार यायनंच आणली. माह्या भावाच्या घरी नेऊन देल्ली, सही घेतली, अन् घरी येऊन मायासमोर भाकर खाल्ली. एक शबुद नाही! सांजच्याले भाऊ रडत आला तवा मले समजलं."

"नेम हाय तसा," शालिकराम खाली बघत म्हणाला.

"नेमाले जाळात घाला. अन् सवतीले बरं सांगता सारं?"

सवत म्हणजे ताराबाई. ताराबाई ही पाल होती.

शालिकरामच्या घरी खाटेच्या वर, बाबासाहेबांच्या फोटोच्या मागे ती राहायची. हा माणूस संध्याकाळी हातपाय धुऊन खाटेवर बसायचा आणि फोटोकडे पाहून दिवसाचा हिशेब सांगायचा. कोणाला वाटावं वंदना घेतो आहे. प्रत्यक्षात तो मागच्या पालीशी बोलत असे. मी एकदा शाळेच्या कामाने गेलो होतो, तेव्हा खिडकीतून कानावर पडलं ते इतकंच: "...तीन लेकरं हायत वो तिले. लहानगं तर माह्याच पिशवीशी खेळून राहिलं होतं. मी वाचून देल्ली तार. आता काय करंल ती बाई?"

वरून आवाज आला, चुक् चुक् चुक्.

आपल्याकडे बोलताना पाल चुकचुकली की बोललं ते खरं, असं मानून माणसं बोटाने जमिनीवर टिचकी मारतात. शालिकरामने खाटेच्या पायावर जांभळ्या बोटाने टकटक केलं आणि म्हणाला, "खरं हाय बाई." मग मला दारात पाहून ताडकन उठला. "जयभीम गुरुजी. तुमी आयकलं?"

"नाही," मी म्हणालो.

"मंग ठीक. पालीले सांगाले मनाई नाही खात्यात. मी नेमाचं पुस्तक पाह्यलं हाय."

आमची मैत्री तिथपासून. गावाच्या लेखी अपशकुनी असलेले दोन जीव एका छपराखाली राहतात आणि एकमेकांना दचकत नाहीत, हे मला फार आवडलं.

आणि पंच्याऐंशीच्या माघात ताराबाई बोलायची थांबली.

आधी आवाज गेला. मग खाणं गेलं. शेपूट, जे आधी चांगलं गुबगुबीत होतं, ते वाळलेल्या गवारीसारखं झालं. कात टाकताना कातडी पायांच्या बोटांवर तशीच चिकटून राहिली, त्यामुळे भिंतीला पाय धरेनात. ती भिंतीवरून खाली पडू लागली. एकदा शालिकरामच्या छातीवर पडली, एकदा प्रमिलाबाईंच्या कढईच्या काठावर. पाल अंगावर पडली तर काय होतं याचा तक्ता रामाजींच्या पंचांगात होता. ते तो घेऊन आले. शालिकराम म्हणाला, "रामाजी, माह्या अंगावर पडली तर माह्यं काय व्हते ते नोका सांगू. पडली तिले काय झालं, ते लिहिलं हाय का त्याच्यात?"

ते लिहिलेलं नव्हतं.

चार दिवसांनी शालिकराम माझ्याकडे आला. आई नियमाप्रमाणे रडली. त्याने हात जोडून सांगितलं, "तार नाही माय, मीच हाव." मग ओसरीवर टेकला. म्हणाला, "गुरुजी, सव्वीस वर्साचं पोटात हाय. थोडं थोडं तिच्यापाशी खाली करतो म्हून झोप येते. चार दिवसापासून डोये मिटून नाही राहिले. तुमी शिकले-सवरले, चला माह्यासंगं डॉक्टरकडे."

त्या साली पांढुर्ण्याच्या जनावरांच्या दवाखान्याचा चार्जही सौंसरच्या डॉक्टरांकडे होता. म्हणून आम्ही सौंसरला निघालो. बिस्किटांचा पत्र्याचा डबा, झाकणाला खिळ्याने पाडलेली भोकं, आत प्रमिलाबाईंच्या जुन्या लुगड्याचा तुकडा. सवत म्हणत होती तरी तुकडा मऊ बघून दिला होता. बसमध्ये कंडक्टरने विचारलं, "डब्यात काय हाय?" शालिकराम म्हणाला, "पेशंट." कंडक्टरने आमच्याकडे एकदा पाहिलं आणि पुढे सुट्या पैशांवरून भांडायला गेला.

सौंसरच्या दवाखान्यात कंपाउंडर नत्थूजी भेटले. डॉक्टर लोधीखेड्याला खुरकुताच्या सुया टोचायला गेले होते. आम्ही एका दुखऱ्या खुराच्या म्हशीशेजारी बाकावर बसलो. बारा वाजले, दोन वाजले, चार वाजले. म्हैस रवंथ करत होती, शालिकराम डब्याच्या भोकांत बघत होता, मी म्हशीकडे बघत होतो. थकव्याच्या बाबतीत आम्हा तिघांत म्हैसच ताजी होती.

नत्थूजींनी रजिस्टर उघडलं. "जनावर?"

"पाल."

"गाय, बैल, म्हैस, शेळी, मेंढी, डुक्कर, कुत्रं, कोंबडी," त्यांनी रकाने वाचून दाखवले. "ह्याच्यातलं काही हाय काय?"

"नाही."

"मंग कसं करता?" त्यांनी टोपी काढून डोकं खाजवलं. "असं पाहा भाऊ, उद्या डॉक्टर मोहगावले जातीन. परवापासून छिंदवाड्याचे मोठे सायेब दौऱ्यावर येऊन राहिले, म्हणजे आमचे डॉक्टर भवऱ्यासारखे फिरतीन. जनावर गंभीर असलं तर तुमी तार करा. गंभीर म्हटलं की डॉक्टर घरी येते. चांगला मानूस हाय."

परतीच्या बसमध्ये शालिकराम एवढंच म्हणाला, "मी कधी तार नाही केली."

सव्वीस वर्षांत हजारो तारा वाहिलेल्या या माणसाने स्वतःची एकही तार केली नव्हती. दोन दिवसांनी सकाळी तो तारघरात खिडकीच्या बाहेरच्या बाजूला, गिऱ्हाइकासारखा उभा राहिला आणि फॉर्म हातात घेऊन घामाघूम झाला. आत तारबाबू भैय्याजी होते, होशंगाबादकडचे. मजकूर सांगायला मी होतो, हे त्याचं दुर्दैव. तार हिंदीत लिहायची होती. तिथे 'छिपकली' म्हणावं, हे मला सुचलं नाही असं नाही. पण माझ्यातला मराठीचा मास्तर जागा झाला. या मुलखात आधीच पोरं 'मला वाटलं'च्या जागी 'मेरे को लगा' म्हणतात. आता पालीची छिपकली करून मीही हात टेकायचे की काय? मी बाणेदारपणे सांगितलं, "लिहा. पाल गंभीर. तुरंत आइए. शालिकराम."

भैय्याजींनी वाचलं. त्यांचा चेहरा उतरला. "हे राम," म्हणाले, "कल ही तो स्टेशन पर देखा था. अच्छे-भले थे." आणि डोळे पुसून मशीनवर बसले.

मला वाटलं, माणूस प्राणिमात्रांवर दया करणारा दिसतो.

दुपारी एकच्या सुमारास पोस्टासमोर धुरळा उडवत जीप येऊन थांबली. मी मधल्या सुट्टीत मुद्दाम येऊन बसलो होतो. जीपमधून एक स्थूल गृहस्थ जवळजवळ पडतच उतरले. एका हातात आमची तार, दुसऱ्या हातात संत्र्यांची टोपली, कपाळाला जामसांवळीच्या मारुतीचा शेंदूर. डोळे लाल. हेच डॉक्टर दुबे.

"शालिकराम कौन है? पाल साहब कहाँ हैं? होश में हैं?"

"होश हाय सायेब," शालिकराम पुढे झाला. "पर पाय धरून नाही राहिले."

"पैर? पैरों को क्या हुआ?"

"भित्तीवरून पडते जी. तीनचार डाव पडली."

"दीवार पर चढ़े थे?" डॉक्टरांनी टोपली छातीशी धरली. "इस उमर में?"

"रोजच चढते."

"कुछ खा-पी रहे हैं?"

"आठ दिवसांत एक झुरळ नाही खाल्लं, सायेब."

डॉक्टर दुबे पोस्टाच्या पायरीवर खाली बसले. टोपलीतली दोन संत्री घरंगळत रस्त्यावर गेली. माझ्या डोक्यात उजेड पडायला तेवढा वेळ लागला. छिंदवाड्याहून दौऱ्यावर आलेल्या मोठ्या साहेबांचं आडनाव पाल होतं, आणि ते त्या क्षणी पांढुर्ण्याच्या रेस्ट हाउसमध्ये जेवत होते.

सगळा उलगडा झाल्यावर डॉक्टर ओरडतील असं मला वाटलं. ते ओरडले नाहीत. त्यांच्यात ताकदच उरली नव्हती. "चालीस किलोमीटर रोता हुआ आया हूँ," ते इतकंच म्हणाले. "जामसांवली में नारियल बोल कर आया हूँ।"

आणि मग मी शालिकरामकडे पाहिलं. त्याने डॉक्टरांच्या हातातली तार घेतली होती. तिच्यावर एक टिपूस पडून 'गंभीर'चा 'ग' फुटला होता. तो त्या डागाकडे पाहत राहिला. "गुरुजी," म्हणाला, "आजवर दुसऱ्यायच्या तारीनं लोक रडले. मले वाटे, मी फकत आणून देतो. आता माही सोताची पह्यलीच तार, अन् तिनंबी मानूस रडवला." मग डॉक्टरांपुढे हात जोडले. "चुकलं सायेब. तुमी जा. पाल मरते तर मरू द्या."

बाणेदारपणे मजकूर सांगणारा मराठीचा मास्तर या वेळी पोस्टाच्या पेटीमागे उभा होता.

डॉक्टरांनी शालिकरामकडे पाहिलं. दिवसभर आजारी जनावरांचे मालक पाहणाऱ्या माणसाला काही चेहरे कळत असावेत. ते गुडघ्यांवर हात टेकून उठले. "चलो," म्हणाले, "दिखाओ तुम्हारे पाल साहब."

गजभियांच्या घरात डॉक्टरांनी खाटेवर बसून चष्मा लावला. ताराबाई तळहातावर घेतली. कॉलेजात असले प्राणी बाटलीतच पाहिले होते, जिवंत तपासायची ही पहिली वेळ, असं त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं. मग प्रमिलाबाईंकडून कोमट पाणी मागवलं. बशीत पाणी, त्यात ताराबाईचे चार पाय. अर्ध्या तासाने कापसाच्या बोळ्याने एकेका बोटावरची वाळकी कात सोडवायला सुरुवात. एका पायाला पाच बोटं, अशी वीस. म्हशीच्या पोटात खांद्यापर्यंत हात घालणारा तो माणूस श्वास रोखून ज्वारीच्या कणीएवढ्या बोटांवर काम करत होता आणि त्याच्या कपाळावरचा शेंदूर घामाने नाकावर येत होता.

"कॅल्शियम की कमी है," ते शेवटी म्हणाले. पण त्यांच्याजवळची बाटली म्हशींची. चारशे किलोच्या म्हशीला शंभर मिली, तर आठ ग्रॅमच्या पालीला किती? आम्ही त्या तारेच्याच पाठीवर त्रैराशिक मांडलं. उत्तर आलं, एका थेंबाचा पंचविसावा भाग. थेंबाचे पंचवीस भाग कसे करायचे हे त्रैराशिकात नव्हतं. प्रमिलाबाईंनी झाडूची एक काडी काढली, तिचं टोक औषधात बुडवून झटकलं आणि ताराबाईच्या ओठाला लावलं. ताराबाईने जीभ बाहेर काढून चाटलं.

"मायाच हातून घेते पाहा सटवी," प्रमिलाबाई म्हणाल्या.

डॉक्टरांनी संत्र्याची टोपली तिथेच ठेवली. पाल साहेबांना आता तिची गरज नव्हती. रजिस्टरात नत्थूजींनी ही भेट 'म्हैस, लहान, एक' अशी नोंदली, हे मला पुढे कळलं.

रोज सकाळी काडीचं टोक. रोज संध्याकाळी कोमट बशी. शालिकराम खाटेवर बसून गप्प राहायचा. त्या दिवसांत पाच तारा मरणाच्या आल्या, असं भैय्याजींकडून कळलं. काय होतं त्यांत ते त्यांनीही सांगितलं नाही. शालिकराम डोळ्यांखाली काळा पडला होता. सायकलवर बसायचंही त्याच्या जिवावर येत असे. हाताने ढकलत न्यायचा.

सोळाव्या दिवशी संध्याकाळी तो आमच्या फाटकात आला. सायकलवर बसून आला होता. आतून आईचा हंबरडा. जयश्री धावली. रामाजी आपल्या दारात उभे राहून बांबूंचा विचार करू लागले.

"माय, रडू नोका!" शालिकराम फाटकातूनच ओरडला. "बोलली! आता बोलली! तीनदा!"

आईला काय ते कळलं नाही, पण पांढुर्ण्यातल्या मुक्कामात पहिल्यांदाच तिने त्या माणसाला आत बोलावलं आणि चहा दिला. त्याने तो बशीत ओतून हळूहळू प्यायला. कडू आहे का, असं मी विचारलं. "साखर जादा झाली," म्हणाला, आणि उरलेलाही प्यायला.

पुढच्या वर्षी माझी सौंसरला बदली झाली. तिथे एक दिवस पोस्टकार्ड आलं. जांभळ्या पेन्सिलीने लिहिलेलं. तार केली असती तर आईला त्रास झाला असता, म्हणून कार्ड. सवयीने मजकूर तारेसारखाच होता: 'ताराबाई गेली. वाऱ्यानं खिडकी लागली. मधात चेंगरली. दवाई बराबर होती. शालिकराम.'

काही महिन्यांनी पांढुर्ण्याला गेलो तेव्हा भेटलो. तो खाटेवर बसला होता. फोटोच्या मागे काही नव्हतं. मी विचारलं, "आता दिवसभराचं कोणाला सांगता?"

"कोनालेच नाही," तो म्हणाला. "गोयी घेतो झोपेची. अर्धी."